छातीच्या सीटीत ८ मिलिमीटरचा डाग निघाला, आता पुढे?

पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी फिटनेस म्हणून एक्स-रे काढला. त्यात डावीकडे काहीतरी अस्पष्ट दिसलं म्हणून सीटी केला. डावीकडे काहीच निघालं नाही, पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ आली: 'उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या लोबमध्ये ८ मिमीचा नोड्यूल. क्लिनिकल कोरिलेशन करावे.' म्हणजे रुग्णाला तपासून हे त्याच्या लक्षणांशी ताडून पाहावं. त्या रात्री घरात कुणी झोपत नाही. मुलगा मोबाइलवर शोधत बसतो, सून माहेरच्या ओळखीतल्या डॉक्टरांना फोन लावते, आणि ज्यांच्या छातीत तो डाग आहे ते आजोबा म्हणतात, 'मला तर काही त्रासच नाही.'

लहान गाठी घेऊन येणारे बहुतेक जण असेच येतात. खोकला नाही, ताप नाही, वजन उतरलेलं नाही. कोविडच्या दोन वर्षांत एचआरसीटी, म्हणजे छातीचे बारीक कापांचे सीटी, इतके झाले, की अशा गाठी ढिगाने सापडल्या. बहुतेक निरुपद्रवी असतात, काही नसतात. दोन्हींची चाळण कशी करायची आणि ऑपरेशन लागलंच तर काय काय होतं, ते छातीचा सर्जन म्हणून पायरीपायरीने सांगतो. माझ्यासमोर दोन टोकांची माणसं येतात. एक, ४ मिमीच्या ठिपक्यासाठी घाबरून पेट-सीटी करून आलेली. दुसरी, १८ मिमीच्या गाठीवर सहा महिने टीबीच्या गोळ्या खाऊन आलेली. पहिल्यांचे पैसे जातात. दुसऱ्यांचे महिने जातात, आणि ते परत मिळत नाहीत.

आधी एक व्याख्या. ३ सेंमीपर्यंतच्या, चारही बाजूंनी फुफ्फुसाने वेढलेल्या गोलसर सावलीला नोड्यूल म्हणतात. त्याहून मोठी असेल तर तिला मास म्हणतात आणि तिचा विचार वेगळा होतो. या लेखात फक्त नोड्यूलबद्दल बोलू. आणि लोब म्हणजे फुफ्फुसाचा एक मोठा कप्पा.

पहिली पायरी: माळ्यावरच्या जुन्या फिल्म उतरवा

पहिली तपासणी फुकट आहे आणि घरातच आहे. जुनी फिल्म. कपाटाच्या मागे वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला एक्स-रे, कोविडमधली सीडी, नोकरीच्या किंवा व्हिसाच्या मेडिकलचे कागद, सगळं काढा. नुसता रिपोर्टचा कागद आणू नका. त्या वेळी रिपोर्ट लिहिणाऱ्याने ६ मिमीचा ठिपका क्षुल्लक म्हणून सोडलेला असू शकतो. सीडीत तो असतो.

एवढा आग्रह कशासाठी? डाग आज केवढा आहे यापेक्षा तो किती वेगाने वाढतोय हे जास्त बोलकं असतं. इथे गोलाचं गणित डोक्यात ठेवा. व्यास ८ मिमीवरून १० मिमी झाला, तर कागदावर '२ मिमीचा फरक' दिसतो, पण गाठीचं आकारमान जवळजवळ दुप्पट झालेलं असतं. व्यास साधारण २६ टक्क्यांनी वाढला की आकारमान दुप्पट. भरीव कॅन्सरच्या गाठींना दुप्पट व्हायला साधारण एक महिना ते ४०० दिवस लागतात. दोन आठवड्यांत दुप्पट झालेला डाग बहुधा इन्फेक्शनचा असतो. भरीव गाठ दोन वर्षांत जराही बदलली नसेल, तर तिला बिनधास्त जुनी म्हणायचं आणि फाइल बंद करायची.

यात एक मेख आहे. दोन वेगळ्या सेंटरांवर, वेगळ्या मशीनवर, वेगळा श्वास धरून मोजलेल्या ७ आणि ८ मिमीत काही फरक नसतो. मोजणीची चूकच तेवढी असते. म्हणून फॉलोअपचा सीटी शक्यतो त्याच सेंटरला करावा आणि रेडिओलॉजिस्टला दोन्ही सीडी शेजारीशेजारी लावून मोजायला सांगावं.

दुसरी पायरी: डाग खरंच फुफ्फुसात आहे का

हे फक्त एक्स-रेत दिसलेल्या डागांसाठी. स्तनाग्राची सावली हुबेहूब नोड्यूलसारखी दिसते. त्यावर धातूची छोटी खूण चिकटवून फिल्म पुन्हा काढली की कळतं. बायकांच्या बाबतीत खांद्यावरून पुढे आलेली वेणी वरच्या भागात सावली टाकते, आणि वरच्या भागातली सावली म्हणजे टीबी हे आपल्याकडे डोक्यात इतकं पक्कं आहे, की वेणीवर औषध सुरू झालेलं मी पाहिलं आहे. जुनं मोडून जुळलेलं बरगडीचं हाड, पाठीवरचा चामखीळ, शर्टाचं बटण हीसुद्धा त्यातलीच मंडळी. शंका राहिली तर सीटी करायचा.

तिसरी पायरी: सीटी नीट वाचून घ्या

काप पातळ हवेत, एक-दीड मिलिमीटरचे. ५ मिमीच्या जाड कापांत लहान गाठीचं खरं रूप दिसत नाही. नुसतं गाठीकडे लक्ष ठेवण्यासाठी कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन लागत नाही आणि लो-डोस सीटी पुरतो. त्याचं रेडिएशन साधारण दीड मिलिसिव्हर्ट, म्हणजे जगात सरासरी माणसाला सहा-आठ महिन्यांत निसर्गाकडून मिळतं तेवढं.

गाठ तीन प्रकारची असते. भरीव, म्हणजे पांढरी घट्ट. दुसरी ग्राउंड ग्लास: गरम चहाचा कप तोंडाशी नेल्यावर चष्म्यावर वाफ धरते तशी, मागच्या रक्तवाहिन्या दिसत राहणारी. तिसरी मिश्र: वाफेच्या मधोमध घट्ट दाणा असलेली. तिन्हींत सगळ्यात जास्त संशय या तिसरीचा घ्यायचा. ग्राउंड ग्लास गाठी अतिशय संथ चालतात, त्यामुळे 'दोन वर्षं स्थिर म्हणजे सुटलो' हा नियम त्यांना लागत नाही. त्यांच्यामागे पाच वर्षं राहावं लागतं.

मग कॅल्शियम. गाठीच्या मध्यभागी साचलेला, संपूर्ण गाठीत भरलेला, कांद्याच्या पापुद्र्यांसारखा किंवा मक्याच्या लाहीसारखा, असे चार नमुने निरुपद्रवी. एका कडेला किंवा शिंपडल्यासारखा असेल तर त्यावर विसंबू नये. गाठीत चरबी दिसली तर ती बहुधा हॅमार्टोमा नावाची निरुपद्रवी गाठ असते. दोन लोबांमधल्या पडद्याला चिकटलेला, त्रिकोणी, गुळगुळीत छोटा दाणा ही फुफ्फुसातली लसीकाग्रंथी असते, तिला हात लावायचा नाही. उलट कडेने सूर्यकिरणांसारखे काटे फुटलेले असतील तर मी खुर्चीत सरसावून बसतो.

वरच्या लोबमधली गाठ जास्त संशयास्पद, असं परदेशी पुस्तकं सांगतात. ते खरंच आहे. पण टीबीलाही वरचा लोबच प्रिय. धोका टक्क्यांत काढून देणारी जी गणितं आहेत, त्यांतलं ब्रॉक नावाचं बरंच वापरात असलेलं गणित कॅनडातल्या स्क्रीनिंगच्या, म्हणजे लक्षणं नसताना केलेल्या तपासणीच्या, रुग्णांवरून बांधलेलं आहे. ते वय, स्त्री की पुरुष, घराण्यात कॅन्सर, एम्फिसेमा (फुफ्फुसातले हवेचे फुगे फाटण्याचा आजार), गाठीचा आकार, प्रकार, संख्या, जागा आणि काटे बघतं. आपल्या रुग्णावर ते चालवायचं, पण आकड्याकडे सावधपणे बघायचं. त्या गणितात टीबीचा रकाना नाही.

रुग्णाचा इतिहास विचारताना 'व्यसन आहे का' असं विचारलं की उत्तर हमखास 'नाही' येतं. 'दिवसाला किती विड्या?' असं विचारावं, मग 'आता सोडली, पूर्वी बंडल लागायचं' असं खरं बाहेर पडतं. आणि ज्या बाईने आयुष्यात विडी ओढली नाही तिलाही फुफ्फुसाचा कॅन्सर होतो. आपल्याकडे अशा बायका कमी नाहीत, त्यांना 'तंबाखू नाही म्हणजे काही नाही' म्हणून परत पाठवू नये.

चौथी पायरी: आकारावरून वेळापत्रक

जगभर वापरला जातो तो फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या रेडिओलॉजीतल्या तज्ज्ञांच्या संस्थेचा २०१७ चा आराखडा. तो ३५ वर्षांवरच्यांसाठी आहे. आधी कॅन्सर झालेल्यांना आणि प्रतिकारशक्ती दबलेल्यांना तो लागू नाही.

भरीव एकच गाठ ६ मिमीपेक्षा लहान आणि धोका कमी असेल, तर पुढे काहीच करायचं नाही. हे ऐकून घरच्यांचा विश्वास बसत नाही, 'निदान रक्त तरी तपासा' म्हणतात. रक्ताच्या तपासणीत ही गाठ काय आहे ते कळत नाही. धोका जास्त असेल तर वर्षाने एक सीटी, तोही ऐच्छिक. ६ ते ८ मिमीला ६ ते १२ महिन्यांनी सीटी, गरजेप्रमाणे आणखी एक १८ ते २४ महिन्यांनी. ८ मिमीच्या पुढे खेळ बदलतो: तीन महिन्यांनी सीटी, किंवा पेट-सीटी, किंवा तुकडा, यांपैकी काय ते धोका पाहून ठरतं. शुद्ध ग्राउंड ग्लास ६ मिमी किंवा मोठी असेल तर ६ ते १२ महिन्यांनी सीटी, मग दर दोन वर्षांनी, पाच वर्षांपर्यंत. मिश्र गाठ तेवढीच असेल तर ३ ते ६ महिन्यांनी. ती टिकून राहिली आणि आतला दाणा ६ मिमीहून लहान असला तर दरवर्षी पाच वर्षं. दाणा ६ मिमी किंवा मोठा झाला की संशय पक्का धरायचा.

थांबायला सांगितलं म्हणजे डॉक्टर टाळतोय असं वाटतं, म्हणून एक आकडा. अमेरिकेत अट्टल धूम्रपान करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या ५३,४५४ जणांवर स्क्रीनिंगची मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०११ मध्ये आले. लो-डोस सीटीमुळे फुफ्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले. पण त्याच चाचणीत सीटीत 'काहीतरी सापडलं' म्हटलेल्यांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक निकालांत कॅन्सर नव्हता. आणि ही सगळी भरपूर धोका असलेली माणसं होती.

पाचवी पायरी: पेट-सीटी, आणि त्याच्यावर न भाळणं

पेट-सीटीत साखरेसारखं रेडिओअ‍ॅक्टिव्ह द्रव्य टोचतात. जी पेशी ते जास्त ओढते ती चमकते. कॅन्सर ओढतो, टीबीही ओढतो. टीबीची गाठ एवढी चमकते की रिपोर्टमध्ये 'मॅलिग्नन्सीची शक्यता' लिहून येतं आणि घरात रडारड सुरू होते. उलट कार्सिनॉइड नावाची संथ वाढणारी कॅन्सरची गाठ आणि ग्राउंड ग्लास कॅन्सर बरेचदा चमकत नाहीत. ८ मिमीच्या आतली गाठ तर पेटला धड दिसतच नाही.

मग पेट करायचाच कशाला? गाठ ८ मिमीच्या वर आहे, संशय मध्यम आहे, किंवा ऑपरेशन ठरत आलंय आणि रोग आणखी कुठे पसरला नाही हे बघायचंय, तेव्हा तो कामाचा. चमक हा निकाल मानून सही करू नका. कॅन्सर आहे की नाही हे तुकडा सांगतो.

सहावी पायरी: तुकडा मिळवणं

तीन वाटा आहेत. गाठ फुफ्फुसाच्या कडेला असेल तर सीटीच्या मदतीने बाहेरून सुई. श्वासनळीच्या जवळ असेल तर ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे दुर्बीण. सोबत श्वासनळीच्या आतून सोनोग्राफी असेल तर उत्तमच. आणि तिसरी वाट, सरळ ऑपरेशनमध्ये गाठ काढून तिथल्या तिथे तपासणं.

सुईचा मुख्य धोका म्हणजे फुफ्फुसातून हवा सुटणं. पाचसहा जणांत एकाला थोडी सुटते, बहुतेकांना नुसतं निरीक्षण पुरतं, काहींना नळी घालावी लागते. सुई न घालण्याच्या दोन जागा पक्क्या लक्षात ठेवा. गाठीत रक्तवाहिनी शिरताना आणि बाहेर पडताना दिसली तर तो रक्तवाहिन्यांचा गुंता असू शकतो. आणि पाण्याने भरलेली गुळगुळीत गोल गाठ, घरात मेंढ्या-कुत्री, तर ती हायडॅटिड, म्हणजे कुत्र्यांमार्फत येणाऱ्या जंताची गाठ, असू शकते. सुईने तिचं पाणी छातीत सांडलं तर जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी येते. मेंढपाळ घरांतल्या रुग्णांना हा प्रश्न मी न चुकता विचारतो.

आता दोन बाटल्यांची गोष्ट. तुकडा काढला की सवयीने तो फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. पॅथॉलॉजीला तेच हवं असतं. पण फॉर्मॅलिनमध्ये टीबीचे जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची तपासणी, लावता येत नाही. म्हणून एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा साध्या सलाइनमध्ये, जीनएक्सपर्ट (टीबीच्या जंतूंचं जनुक शोधणारी तपासणी) आणि टीबी कल्चरसाठी. कल्चरला सहा आठवडे लागू शकतात, जीनएक्सपर्टचा निकाल काही तासांत येतो. नातेवाइकांनी तपासणीच्या दिवशी नर्सला एवढंच विचारावं: 'बाटल्या दोन आहेत ना?' कुणी रागावलं तर रागावू दे.

रिपोर्ट 'नॉनस्पेसिफिक इन्फ्लमेशन', म्हणजे नेमकं कारण न कळलेला दाह, असा आला की लोक पेढे वाटतात. त्याचा अर्थ सुई गाठीच्या शेजारी लागली असाही असतो. 'ग्रॅन्युलोमा' (टीबीसारख्या दाहाची गाठ), 'हॅमार्टोमा', 'जीनएक्सपर्ट पॉझिटिव्ह' असं ठोस नाव आलं तरच निदान झालं म्हणायचं. नाहीतर तपासणी पुन्हा, किंवा तिसरी वाट.

तिसऱ्या वाटेला लोक बिचकतात, 'तपासणीशिवाय ऑपरेशन?' म्हणतात. पण काटेरी, वाढती, १२-१५ मिमीची गाठ कडेला असेल आणि माणूस ठणठणीत असेल, तर सुईचा निकाल काहीही आला तरी ती काढायचीच असते. मग मधली सुई कशाला?

टीबीच्या गोळ्यांची 'ट्रायल'

इथे थोडं थांबतो, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान याच वळणावर होतं. तालुक्याच्या गावातून आलेली पन्नाशीची एक बाई, तपशील बदलून सांगतो. वरच्या लोबमध्ये १४ मिमीची मिश्र गाठ. थुंकी निगेटिव्ह, ताप नाही, घाम नाही. 'आपल्याकडे टीबीच असतो' म्हणून गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी भूक परतली, वजन दीड किलोने वाढलं, सगळे खूश. सीटी कुणी केला नाही. नवव्या महिन्यात केला तेव्हा गाठ १९ मिमी झाली होती आणि आतला दाणा मोठा झाला होता.

टीबी खरोखरच सर्रास आहे, त्यामुळे त्या डॉक्टरांचा अंदाज वेडगळ नव्हता. चूक पुढची होती. जंतू किंवा तुकड्याचा पुरावा न मिळताच औषध द्यावं लागलं, तर दोन-तीन महिन्यांनी सीटी करायचा हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवायचं. गाठ आक्रसली नाही, तर गोळ्या पुढे रेटायच्या नाहीत, तुकडा घ्यायचा. वजनावर जाऊ नका. काळजी मिटली की माणूस जेवतो आणि वजन वाढतं. आणि टीबी सिद्ध झाला म्हणून कॅन्सर नाहीच असंही नाही, जुन्या टीबीच्या व्रणाशेजारी कॅन्सर उगवलेला सापडतो.

सातवी पायरी: ऑपरेशनला माणूस झेपतो का

छातीच्या मधल्या भागातल्या लसीकाग्रंथी आधी बघायच्या. गाठ ३ सेंमीच्या आत, कडेला, आणि सीटी-पेटमध्ये ग्रंथी साफ असतील तर थेट पुढे जाता येतं. गाठ मध्यभागी असेल किंवा ग्रंथी संशयास्पद असतील, तर ईबस, म्हणजे श्वासनळीतून सोनोग्राफीच्या मदतीने ग्रंथींत सुई, ही तपासणी आधी.

फुफ्फुसाची ताकद फुंकणीच्या तपासणीने मोजतात. सोबत वायू किती शोषला जातो ते बघणारी डीएलसीओ चाचणीही हवी. पुढचं गणित सोपं आहे. दोन्ही फुफ्फुसांत मिळून १९ भाग धरायचे: उजवा वरचा लोब ३, मधला २, खालचा ५, डावा वरचा ५, डावा खालचा ४. समजा पहिल्या सेकंदाची फुंक १.९ लिटर आहे. उजवा वरचा लोब काढला तर १९ पैकी १६ भाग राहतील, म्हणजे १.६ लिटर. एकच भाग काढला तर १.८ लिटर उरेल. उरणारा आकडा त्या वयाच्या-उंचीच्या माणसाला हवा त्याच्या ६० टक्क्यांवर, आणि डीएलसीओही तसाच, तर निर्धास्त. ३० ते ६० टक्क्यांत असेल तर जिना चढवून बघायचा. साधारण सात मजले, २२ मीटर, न थांबता चढला तर बरं. ३० टक्क्यांखाली असेल तर सायकलवरची सविस्तर चाचणी. ज्यांना ऑपरेशन झेपणारच नाही, त्यांच्यासाठी नेमका नेम धरून मोजक्या बैठकांत दिलेलं रेडिएशन, एसबीआरटी, हा खरा पर्याय आहे. ते 'काहीच करता येत नाही' म्हणून दिलेलं सांत्वन समजू नये.

विडी-सिगारेट ऑपरेशनआधी निदान चार आठवडे बंद. तीन चेंडूंचं प्लास्टिकचं खेळणं, म्हणजे स्पायरोमीटर, आधीच घरी आणून सराव करावा. ऑपरेशननंतर दुखत असताना ते पहिल्यांदा शिकता येत नाही.

पैशाचं आधीच स्पष्ट विचारा. दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या बिलात स्टेपलरची काडतुसं हा फुगणारा आकडा असतो, आणि किती लागतील हे आत गेल्यावरच नक्की होतं. 'कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती' असे दोन आकडे लिहून मागा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारायचं, नंतर नव्हे.

आठवी पायरी: किती काढायचं

या प्रश्नाला नव्वद वर्षांचा इतिहास आहे. ५ एप्रिल १९३३ ला अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये एव्हर्ट्स ग्रॅहम या सर्जनने कॅन्सरसाठी एक अख्खं डावं फुफ्फुस एका बैठकीत काढलं. रुग्ण स्वतः डॉक्टर होता आणि तो पुढे तीस वर्षं जगला. ग्रॅहम मात्र सिगारेट ओढायचे, ते १९५७ मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरनेच गेले. हळूहळू अख्ख्या फुफ्फुसावरून एका लोबवर आलो. लोबपेक्षा कमी काढलं तर? १९९५ मध्ये २४७ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीचा निकाल आला: कमी काढलं की रोग त्याच जागी परत येण्याचं प्रमाण जास्त. पुढची पंचवीस वर्षं 'लोब काढा' हीच पोथी होती.

ती बदलली २०२२ मध्ये. जपानमध्ये २ सेंमीपर्यंतच्या, कडेच्या गाठी असलेल्या ११०६ रुग्णांत निम्म्यांचा लोब काढला, निम्म्यांचा फक्त सेगमेंट, म्हणजे लोबमधला स्वतःची श्वासनळी आणि रक्तवाहिनी असलेला एक भाग. पाच वर्षांनी सेगमेंटवाले ९४.३ टक्के जिवंत होते, लोबवाले ९१.१ टक्के. त्याच जागी रोग परतण्याचं प्रमाण सेगमेंटवाल्यांत दुप्पट होतं, १०.५ विरुद्ध ५.४ टक्के, तरीही जगण्यात ते मागे पडले नाहीत. २०२३ मध्ये अमेरिकेच्या ६९७ रुग्णांच्या चाचणीनेही लोब आणि त्याहून कमी यांत फरक नाही असंच दाखवलं. तिथे तर कमी काढलेल्यांपैकी बऱ्याच जणांची नुसती कडेची फोड, म्हणजे वेज, काढली होती.

माझा हिशेब असा. जवळजवळ सगळी ग्राउंड ग्लास, २ सेंमीच्या आत, कडेला: भरपूर कड ठेवून वेज. भरीव किंवा मिश्र, २ सेंमीच्या आत, ग्रंथी साफ: सेगमेंट. २ सेंमीच्या वर, किंवा आत खोल, किंवा ग्रंथीत रोग: लोब. कुठल्याही प्रकारात गाठीभोवती निरोगी कड २ सेंमी, निदान गाठीएवढी तरी हवी. ती मिळत नसेल तर 'फुफ्फुस वाचवलं' म्हणण्यात काही अर्थ नाही. आणि ग्रंथी काढल्याच पाहिजेत, मधल्या भागातल्या कमीत कमी तीन ठिकाणच्या. सर्जनला भेटाल तेव्हा हा एक प्रश्न जरूर विचारा.

टेबलावर काय होतं

भूल देताना दुहेरी नळी घालतात, त्यामुळे एका फुफ्फुसाची हवा बंद करून ते मिटवता येतं आणि दुसऱ्यावर माणूस श्वास घेतो. कुशीवर वळवून बरगड्यांच्या मधून एक ते तीन छेद, त्यातून कॅमेरा आणि हत्यारं. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत दुर्बिणीने लोब काढलेले पाच आठवड्यांनी उघड्या ऑपरेशनवाल्यांपेक्षा जास्त हिंडते-फिरते होते आणि त्यांना वेदनाही कमी होत्या. रोबोटचं तंत्र याच वाटेवरचं, फक्त महाग.

लहान गाठीची खरी अडचण ती सापडण्याची. मिटलेलं फुफ्फुस म्हणजे ओला स्पंज. त्यात ८ मिमीची भरीव गाठ बोटाला वाटाण्यासारखी लागते, पण ग्राउंड ग्लास हाताला लागतच नाही. म्हणून त्या दिवशी सकाळी सीटीखाली गाठीशेजारी आकडी तार, बारीक कॉइल किंवा रंग सोडून ठेवतात. हे ठरवायचं राहून गेलं आणि आत गेल्यावर गाठ मिळेना, की छेद मोठा करावा लागतो. सेगमेंट काढताना त्याची रक्तवाहिनी आधी बंद करायची, मग शिरेतून इंडोसायनिन ग्रीन द्यायचं. खास कॅमेऱ्यात सगळं फुफ्फुस हिरवं उजळतं, फक्त काढायचा भाग काळा राहतो. त्या सीमेवर खूण करून स्टेपलर चालवायचा. गाठ पिशवीत घालून बाहेर, म्हणजे छेदाला रोगाच्या पेशी लागत नाहीत.

निदान आधी झालं नसेल तर फ्रोझन सेक्शन. गाठ गोठवून, पातळ काप करून पॅथॉलॉजिस्ट वीस-तीस मिनिटांत सांगतो. तोवर ओटीत सगळे भिंतीवरच्या फोनकडे बघत असतात. 'ग्रॅन्युलोमा' म्हटलं की टाके घालून परत, पुढचं औषध छातीचे डॉक्टर बघतात. 'कार्सिनोमा', म्हणजे कॅन्सर, म्हटलं की ठरलेलं पुढचं काम.

त्या बाईचं फ्रोझन कार्सिनोमा आलं. गाठ १९ मिमीची, ग्रंथी साफ, म्हणून सेगमेंट काढला.

छातीतली नळी आणि घरी जाणं

जाग येते तेव्हा छातीतून एक नळी बाटलीत गेलेली असते. बाटली कायम छातीच्या खाली ठेवायची, उचलून कॉटवर ठेवायची नाही. खोकल्यावर बुडबुडे आले तर फुफ्फुसातून हवा अजून गळतेय, ते थांबले आणि एक्स-रेत फुफ्फुस फुललेलं दिसलं की नळी निघते. बहुतेकांचं हे दोन-तीन दिवसांत होतं. पाच दिवसांच्या पुढे गळत राहिलं तर घाबरायचं नाही, पण मुक्काम वाढतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी छातीत अचानक धडधड झाली तर लगेच सांगा. हृदयाची लय बिघडणं या ऑपरेशननंतर माहीत असलेली गोष्ट आहे आणि तिला औषध आहे.

दुखण्याची गोळी मागून घ्या. दुखतंय म्हणून माणूस खोकत नाही, खोकत नाही म्हणून कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. पहिल्याच दिवशी खुर्चीत, दुसऱ्या दिवशी बाटली हातात घेऊन वॉर्डात फेऱ्या. छेदाखाली, स्तनाच्या खालच्या पट्ट्यात बधिरपणा किंवा चटचट बरेच आठवडे राहते. बरगडीखालची नस दुखावलेली असते, बहुधा हळूहळू कमी होते.

रिपोर्ट हातात आल्यावर

पक्का रिपोर्ट आठवड्याभराने येतो. त्यात पाच गोष्टी शोधा: प्रकार, आक्रमक (आसपास शिरलेल्या) भागाचा आकार, कड, ग्रंथी, आणि गाठ फुफ्फुसाच्या आवरणात शिरली का. 'अ‍ॅडेनोकार्सिनोमा इन सिटू' (आत न शिरलेला, जागेवरच असलेला कॅन्सर) किंवा ५ मिमीपर्यंतच आत शिरलेला प्रकार पूर्ण निघाला असेल तर तो जवळपास बरा झाला असंच धरतात. साध्या पहिल्या स्टेजला, ग्रंथी साफ असताना, केमो लागत नाही. आवरण फोडलेलं असेल तर गाठ लहान असूनही स्टेज वर सरकते. मग गाठीतल्या ईजीएफआर या जनुकातला बदल तपासायचा, तो सापडला तर त्यावर नेम धरणाऱ्या ओसिमर्टिनिबच्या गोळ्या तीन वर्षं देण्याचा विचार होतो. ग्रंथीत रोग निघाला तर केमोची चर्चा आलीच. त्या बाईच्या रिपोर्टात आवरण शाबूत होतं, ग्रंथी कोऱ्या होत्या, केमो लागली नाही.

गाठ साधी निघाली, तर 'उगाच कापलं' असं काही नातेवाईक म्हणतात. ते बोलणं मी ऐकून घेतो.

पुढे दोन-तीन वर्षं दर सहा महिन्यांनी सीटी, मग दरवर्षी. ऑपरेशननंतरचा पहिला सीटी मुद्दाम नीट जपायचा, कारण स्टेपलरच्या रेषेवरचा व्रण सुरुवातीला गाठीसारखाच दिसतो आणि पुढच्या प्रत्येक वेळी तुलना त्याच्याशीच होते. ती बाई आता दर खेपेला सगळ्या सीडी साबुदाण्याच्या रिकाम्या पिशवीत घालून आणते, वर स्केचपेनने तारखा लिहिलेल्या असतात. मागच्या खेपेला तिने टेबलावर एक जास्तीची सीडी ठेवली. थोरल्या बहिणीची होती. पित्ताशयासाठी सीटी केला होता, म्हणाली, त्यात खाली कोपऱ्यात काहीतरी लिहून आलंय.